खटक्याचं धनुष्य

कोकणातल्या आमच्या गावात पावसाळा संपला की मोडक्या छत्र्यांना भाव येत असे. छत्रीच्या दोन-चार काड्या एकत्र बांधल्या, दोन्ही टोकांना सुतळी ताणली की धनुष्य तयार. माझ्या वयाच्या बहुतेकांनी असं धनुष्य केलं असेल आणि त्यापायी घरात बोलणीही खाल्ली असतील. माझ्या वाट्याला मात्र एका मे महिन्याच्या सुट्टीत जरा वेगळंच धनुष्य आलं.

माझे मामू जहाजावर खलाशी होते. त्या वर्षी ते रजेवर आले, तेव्हा पूर्वेकडच्या कुठल्याशा बंदरात पाहिलेल्या एका हत्याराचं चित्र त्यांनी मला वहीच्या पाठकोऱ्या पानावर काढून दाखवलं. बंदुकीसारखा लाकडी दांडा, त्याच्या तोंडाशी आडवी बसवलेली कमान, ओढलेली दोरी अडकवायला दांड्यावर एक खाच आणि खाली बोटाने दाबायचा खटका. इंग्रजीत याला क्रॉसबो म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. मामू त्याला खटक्याचं धनुष्य म्हणायचे. "हे धरून ठेवावं लागत नाही रे, ते स्वतःच स्वतःला धरतं," असं ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मामा-भाचे कामाला लागले.

दांडा फणसाच्या फळीचा केला. कमानीला माणगा घेतला, कारण हा बांबू जवळजवळ भरीव असतो. दोरी म्हणून मी मासेमारीचा तांगूस आणला. तांगूस तुटत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. पहिला बाण दहा पावलांवर जाऊन पडला. मामू हसले. तांगूस ताणला जातो. कमान सुटते तेव्हा तिचा बराचसा जोर बाणाला मिळण्याऐवजी दोरी लांबवण्यातच खर्च होतो. मग आम्ही तागाचे धागे पिळून मेण चोळलेली दोरी केली आणि कामट्यांचे बाण तासले. दुसरा बाण अंगणाबाहेर गेला.

चौथ्या की पाचव्या दिवशी विहिरीच्या काठावर बसलेला एक कवडा मी टिपला. उचलला तेव्हा तो गरम होता. दादी ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिने विचारलं, "भूक लागली होती?" मी म्हटलं, "नाही." "तीर सोडताना अल्लाचं नाव घेतलंस?" तेही घेतलं नव्हतं. शिकारीला तीर सोडताना नाव घ्यायचं, असा आमच्याकडे नियम आहे. दादी एवढंच म्हणाली, "मग हा कशाला मेला?" मामूंनी काही न बोलता कमानीची दोरी उतरवली. ते धनुष्य पुन्हा कधी चढलं नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी हनोईला जाण्याचा योग आला. तिथे व्हिएतनाममधल्या पन्नासहून अधिक जमातींचं जीवन दाखवणारं एक मोठं संग्रहालय आहे. तिथल्या एका काचेमागे मामूंचं चित्र प्रत्यक्ष समोर उभं राहिलं. तीच आडवी कमान, तोच खटका. मग मी या धनुष्याच्या मागे लागलो.

याचं खरं घर दक्षिण चीन, व्हिएतनाम, लाओस, थायलंड आणि म्यानमार यांच्या डोंगराळ पट्ट्यात आहे. ह्मोंग, लिसू, बाहनार अशा अनेक जमातींमध्ये ते पिढ्यान्‌पिढ्या घरीच बनवलं गेलं. यातले लिसू आपल्या देशातही आहेत, अरुणाचलच्या चांगलांग जिल्ह्यात, नामदाफाच्या जंगलाच्या आसपास. गंमत अशी की चिनी भाषेत या धनुष्याला 'नू' म्हणतात, व्हिएतनामीत 'नॉ' आणि ह्मोंग भाषेत जवळजवळ तसंच काहीतरी. हा शब्द मुळात दक्षिणेकडच्या डोंगरी भाषांतून चिनीत गेला असावा, असं काही भाषाशास्त्रज्ञांचं मत आहे. शब्द जिकडून आला, तिकडूनच वस्तूही आली असेल, असं म्हणायला जागा आहे.

आपल्याकडे 'कमान' हा शब्द फारसीतून आला, तिथे त्याचा अर्थ धनुष्य. आपण तो दरवाजावरच्या वक्र बांधकामाला लावला, घड्याळातल्या स्प्रिंगला लावला आणि ट्रकच्या चाकावरच्या पट्ट्यांना कमानपाटे म्हणू लागलो. वाकवलं की जोर साठवतं आणि सोडलं की परत देतं, ते कमानीसारखं, हे आपल्या लोकांनी बरोबर हेरलं. पुढे अनेक देशांतल्या हौशी कारागिरांनी जुन्या मोटारींच्या कमानपाट्यांपासूनच क्रॉसबोच्या कमानी केल्या. म्हणजे शब्द फिरून आपल्या घरी आला.

डोंगरातला कारागीर मात्र लाकडाचीच कमान करतो. लिसू लोक त्यासाठी रानतुतीचं लाकूड पसंत करतात. ओलं लाकूड लगेच वाकवलं तर ते वाकलेलंच राहतं. म्हणून ते सावकाश सुकू द्यायचं आणि मग तासायचं. मध्यभागी जाड, दोन्ही टोकांकडे निमुळतं. तासताना पुन्हा पुन्हा वाकवून पाहायचं. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या नाहीत तर बाण नेहमी एकाच अंगाला जाणार. दांड्याच्या पुढच्या टोकाला आरपार भोक पाडून त्यातून कमान घालतात आणि पाचर ठोकून घट्ट बसवतात. दोरी वळलेल्या भांगेच्या धाग्यांची. दांड्याच्या पाठीवर बाणासाठी सरळ पन्हळ कोरतात. बाण बांबूचा, हातभर किंवा त्याहून आखूड, आणि मागे पिसांऐवजी पुष्कळदा घडी घातलेल्या पानाचा पंख.

आता खटका. सगळं धनुष्य एका दिवसात होईल, पण खटक्याला वेळ लागतो. तत्त्व अगदी साधं आहे. दोरी मागे ओढून खाचेत अडकवायची. खाचेच्या खालून येणारी एक खुंटी खटक्याला जोडलेली असते. खटका दाबला की खुंटी वर येते, दोरीला खाचेबाहेर ढकलते आणि दोरी सुटते. पण खाच उथळ झाली तर बाण नको तेव्हा सुटतो. खोल झाली तर खटका दाबताना हात हलतो आणि नेम चुकतो. शिवाय दोरी हजारदा घासून खाचेची कड झिजते. म्हणून लिसू कारागीर खटक्याला हाड वापरतात. चिनी लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच तो कांशाचा ओतला. १९७४ साली शीआनजवळ सापडलेल्या मातीच्या सैन्याबरोबर असे कांस्य खटकेही मिळाले.

या खटक्याने नेमकं काय केलं, ते थोड्या हिशेबाने पाहू. साधं धनुष्य वीस किलोच्या ताणाचं असेल आणि दोरी अर्धा मीटर मागे येत असेल, तर जितका जोर साठतो तितकाच जोर चाळीस किलोच्या ताणाने पाव मीटरमध्ये साठतो. क्रॉसबोची दोरी कमी अंतर ओढली जाते, म्हणून तिला ताण जास्त लागतो. हा ताण एका हाताने पेलणार नाही. पण इथे तो पेलायचाच नसतो. कमानीवर दोन्ही पाय द्यायचे, दोन्ही हातांनी दोरी धरायची आणि पाठ-पायांच्या बळाने ओढून खाचेत अडकवायची. झालं. आता तुम्ही झाडाआड तासभर बसा. साधं धनुष्य ओढून धरणाऱ्याचा हात काही क्षणांत थरथरू लागतो. इथे थरथरायला काही उरतच नाही. दाट जंगलात, जिथे उभं राहून लांब हात करायला जागा नसते, तिथे हे हत्यार का टिकलं, ते यातून कळतं. आवाजही फार होत नाही.

बाण हलका असल्याने मोठ्या जनावरासाठी त्याच्या टोकाला विष लावण्याची रीत होती. लिसू लोकांचं विष आपल्या ओळखीचं आहे. ते बचनागाच्या जातीतल्या वनस्पतीचं. व्हिएतनामच्या मध्य पठारावर एका मोठ्या झाडाचा चीक वापरत. ते झाड आपल्या सह्याद्रीतही आहे, त्याला चांदकुडा म्हणतात.

बनवणाऱ्यांचा आणखी एक नियम मामूंनीही मला सांगितला होता. चढवलेलं धनुष्य बाणाशिवाय कधी सोडू नये. बाण असला की जोर बाण घेऊन जातो. नसला की तो सगळा कमानीतच परत येतो आणि कमान फुटते.

सामर्थ्य शरीरातून काढून यंत्रात ठेवलं की भीतीही वाढते. धनुर्धर व्हायला वर्षं लागत, क्रॉसबो मात्र कुणीही थोड्या दिवसांत शिके. युरोपात ११३९ साली रोमच्या लॅटरन इथे भरलेल्या धर्मसभेने ख्रिस्ती माणसांविरुद्ध धनुष्य आणि क्रॉसबो वापरायला मनाई केली. ती कुणी पाळली नाही. ११९९ साली इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड फ्रान्समधल्या एका लहानशा किल्ल्यासमोर क्रॉसबोच्याच बाणाने जायबंदी होऊन मेला.

व्हिएतनाममध्ये यावर एक जुनी दंतकथा आहे. आन झुओंग नावाच्या राजाला सोनेरी कासवाने आपलं नख दिलं. त्या नखाचा खटका करून बनवलेल्या धनुष्यापुढे शत्रूचं काही चालेना. तेव्हा शत्रूने आपल्या मुलासाठी राजाची मुलगी मागितली. राजकन्या मी चाउने भोळेपणाने नवऱ्याला धनुष्य दाखवलं. त्याने खटका बदलला. पुढच्या लढाईत राजाने चाप ओढला आणि काहीच झालं नाही. राज्य गेलं. पळताना राजाने मुलीला स्वतःच्या हाताने मारलं. हनोईजवळच्या को लोआ इथे या राजाच्या राजधानीचे तट आजही दिसतात आणि १९५९ साली तिथे हजारो कांस्य बाणाग्रं सापडली. कथेत शत्रू कमान चोरत नाही, दोरी कापत नाही. तो खटका नेतो. कथा रचणाऱ्याला हे हत्यार आतून ठाऊक होतं.

पण मला सांगायचं आहे ते याच्याही पुढचं. क्रॉसबोने शिकाऱ्याच्या दंडातलं बळ काढून घेतलं, तरी त्याचा डोळा काढून घेतला नाही. माणसाला जंगलात जावंच लागे. माग काढावा लागे, वाऱ्याची दिशा पाहावी लागे, जनावर जवळ येऊ द्यावं लागे. शेवटी खटका दाबताना समोर कोण आहे, हे दिसे. नर की मादी, गाभण की पिल्लासोबत, हे पाहून बोट आवरता येई. सगळे आवरत होते असं नाही. पण आवरण्याची सोय हत्यारात होती.

१९९२ साली व्हिएतनामच्या वू क्वांग भागात शास्त्रज्ञांना शिकाऱ्यांच्या घरात लांब, सरळ शिंगं टांगलेली दिसली. जगाला तोवर अज्ञात असलेला साओला नावाचा प्राणी असा सापडला. शिकारी त्याला पिढ्यान्‌पिढ्या ओळखत होते, आणि तरी तो त्यांच्या जंगलात टिकून होता. त्यानंतर त्या डोंगरांत तारेचे फास आले. सायकलच्या, मोटारसायकलच्या ब्रेकची तार, एक गाठ आणि वाकवलेलं झुडूप. वनरक्षक असे फास हजारोंनी काढतात आणि तितकेच पुन्हा लागतात. २०१३ साली एका कॅमेऱ्याने साओलाचं छायाचित्र टिपलं. त्यानंतर शास्त्रज्ञांना जंगलात जिवंत साओला दिसल्याची नोंद नाही.

हे दूरचं वाटत असेल तर आमच्या कोकणात या. आम्ही फासाला फासकी म्हणतो. रानडुकरासाठी म्हणून क्लच वायरची फासकी लावतात आणि तीत बिबट्या अडकतो. काही वर्षांपूर्वी गावातल्या एका काजूच्या बागेत असा बिबट्या मी पाहिला. तार कमरेत रुतली होती. तो ओरडायचाही थांबला होता, नुसता बघत होता. डॉक्टर पिंजरा घेऊन पोहोचेपर्यंत तो गेला. फासकी कुणाची, अशी चौकशी झाली. कुणाचीच निघाली नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फास लावणं हीदेखील शिकारच मानली आहे. पण आरोपी जागेवर नसणं हाच तर फासकीचा गुण. लावणारा घरी झोपलेला असतो.

आमच्या धर्मात गळा आवळून मेलेलं जनावर वर्ज्य आहे. लहानपणी मला तो केवळ खाण्यापिण्याचा नियम वाटायचा. त्या दिवशी काजूच्या बागेत उभा असताना दादीचा प्रश्न आठवला. मी तिला निदान उत्तर देऊ शकत होतो, कारण तीर माझ्या हातून सुटला होता. इथे विचारायचं कुणाला?

आज मी कुणाला शिकारीसाठी धनुष्य बनवायला सांगणार नाही. कायदा नाही म्हणतो आणि उरलेलं जंगलही तेवढं राहिलेलं नाही. पण गावातली मुलं सुट्टीत येतात, तेव्हा त्यांना मी माणगा तासायला शिकवतो आणि नारळाच्या सोडणावर नेम धरायला लावतो. आणि सकाळी बागेतून चक्कर मारताना, दिसली तर फासकी कशी सोडवायची, तेही दाखवतो. ते शिकायला खटक्याइतका वेळ लागत नाही. खिशात एक पक्कड असली की पुरते.