डीपीच्या शेजारी घर

नांदेडच्या इतवाऱ्यात किंवा लातूरच्या गंजगोलाईत, जिथे सोळा रस्ते येऊन मिळतात, कुणाला ट्रान्सफॉर्मर कुठे आहे असे विचारा. तो क्षणभर गोंधळेल. ‘डीपी’ म्हणा, लगेच बोट दाखवील. आपल्याकडे डीपी म्हणजे शेजारीणच. तिच्या आडोशाला चहाची गाडी लागते, खांबाला शेळी बांधली जाते, आणि वरच्या मजल्याच्या गॅलरीतून हात लांबवला तर... तो लांबवू नये, एवढेच.

हा शेजार किती महागात पडतो, हे सप्टेंबर २०२० मध्ये पिंपरी-चिंचवडमधल्या भोसरीच्या इंद्रायणीनगरात दिसले. घरालगतच्या ट्रान्सफॉर्मरचा स्फोट झाला आणि आजी, तिची मुलगी व अवघ्या पाच महिन्यांची नात अशा तीन पिढ्या त्यात गेल्या.

स्फोट होतो कसा? डीपीच्या टाकीत शे-दोनशे लिटर खनिज तेल असते. आतल्या वाइंडिंगला थंड ठेवणे हे त्याचे काम. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशी गाठतो, तेव्हा गल्लीतले सगळे कूलर एकदम सुरू होतात. भार वाढून तारांवरचे आवरण जळते, आत ठिणगी उडते, तेलाचा वायू होतो, दाब वाढतो आणि टाकी फाटते. पेटलेले तेल उडते, भिंतीवरून ओघळते, गटारात उतरते.

नियम आहेत. ११ हजार व्होल्टची तार इमारतीपासून आडव्या अंतराने किमान १.२ मीटर दूर हवी, हे १९५६ च्या वीज नियमांपासून चालत आले आहे. पण हे अंतर शॉक लागू नये म्हणून. उडालेले तेल चार फुटांना जुमानत नाही. आगीला चार तास तोंड देणाऱ्या भिंतीची अट २०१० च्या नियमावलीत होती, ती दोन हजार लिटरांहून अधिक तेलाच्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी. गल्लीतली डीपी त्यात बसतच नाही.

दोष एकट्या वीजवाल्यांचा नाही. पुष्कळ ठिकाणी डीपी आधीची, गॅलरी नंतरची. मात्र डीपी हलवायची म्हटली, की जागा कुणाची आणि खर्च कुणाचा, इथेच गाडी अडते. इमारतीच्या आत तेलाऐवजी ड्राय टाइप ट्रान्सफॉर्मर बसवता येतो. रस्त्यावरच्या डीपीला अंतर हाच उपाय.

तोवर डीपीखाली तेलाचा डाग दिसला, तिची गुणगुण वाढली, तर १९१२ वर कळवा. पेटलीच, तर बादली घेऊन धावू नका. वीज चालू असते आणि पाण्यावर तेल आणखी पसरते. मुलाबाळांना घेऊन मागच्या दाराने निघा, १०१ फिरवा. आणि त्या मागच्या दारात रचलेला जुना कूलर, लाकडे, पत्रे आज रविवार आहे तर हलवूनच टाका.