वर्ध्यात घरोघरी गॅस आला, मग पऱ्हाटीची चूल अजून का पेटते?

फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्धा जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या गावांत गेलात, तर घरामागे, गोठ्याला लागून पऱ्हाट्यांचे ढीग दिसतील. कापूस वेचून झाला की उपटलेली ही झाडं पुढचे कित्येक महिने जळण म्हणून चालतात. यातल्या अनेक घरांत लाल सिलिंडरही असतो. पण तो चहापुरता, नाहीतर पाहुणे आले तर. भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच.

याला लोक ‘सवय’ म्हणतात. आधी हिशेब बघा.

१४.२ किलोचा घरगुती सिलिंडर दिल्लीत जून २०२० मध्ये ५९३ रुपयांना होता. मार्च २०२३ मध्ये तो ११०३ वर गेला. मग ऑगस्ट २०२३ मध्ये २०० रुपये आणि मार्च २०२४ मध्ये आणखी १०० रुपये कमी झाले. एप्रिल २०२५ मध्ये ५० रुपयांची वाढ होऊन दर ८५३ झाला. वाहतूक खर्चामुळे विदर्भात सिलिंडर मुंबईपेक्षा महाग पडतो. देशाला लागणारा निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरून येतो आणि त्याचा दर सौदी अरामकोच्या मासिक दराशी बांधलेला असतो. त्यामुळे आखातात काही घडलं की झळ आर्वी-हिंगणघाटपर्यंत येते.

‘उज्ज्वला’च्या ग्राहकांना ऑक्टोबर २०२३ पासून सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान आहे. मेख अशी की आधी पूर्ण पैसे मोजायचे, अनुदान नंतर खात्यात येतं. ज्या घरात मजुरी आठवड्याला हाती पडते, तिथे एकरकमी आठ-नऊशे रुपये काढणं हीच खरी अडचण. सरकारी आकड्यांनुसार २०२४-२५ मध्ये उज्ज्वलाच्या घरात वर्षाला सरासरी साडेचारच्या आसपास सिलिंडर लागले. आकडा वाढतोय, २०१९-२० मध्ये तो तीनच होता. पण पाच माणसांचा सगळा स्वयंपाक एवढ्यात होत नाही. राज्याने २०२४ मध्ये आणलेल्या अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत आहेत. उरलेले महिने पऱ्हाटीचे.

आणि पऱ्हाटी फुकट असते. म्हणजे पैशाच्या हिशेबात फुकट. ती उपटणं, मोळ्या बांधणं, वाहून आणणं आणि धुरात बसणं या हिशेबात कोणी धरत नाही, कारण हे काम बहुतेक बायकांच्या वाट्याला येतं.

दुसरी किंमत शेतात मोजावी लागते. न उमललेल्या, किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत राहते. ढीग शेताजवळ तसाच पडून राहिला, तर पावसाळ्यात पतंग बाहेर पडून नव्या कपाशीवर अंडी घालतात. २०१७ च्या हंगामात या अळीने विदर्भात कपाशीचं मोठं नुकसान केलं. कृषी विभाग दरवर्षी सांगतो: फरदड घेऊ नका, पऱ्हाट्या रचून ठेवू नका. सल्ला बरोबर आहे, फक्त वर्षभर चूल कशावर पेटवायची हे त्यात नसतं.

वर्ध्याला हा प्रश्न नवा नाही. इथल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा यांच्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ कंदील तयार केला होता. रॉकेल बाहेरून येतं आणि गावाचा पैसा बाहेर नेतं, तेल मात्र गावच्या घाण्यावर निघतं, असा त्यामागचा विचार.

आज त्याच्या जवळचा पर्याय म्हणजे पऱ्हाट्यांचा भुगा दाबून केलेल्या कांड्या. नागपूरच्या ‘सिरकॉट’च्या जिनिंग प्रशिक्षण केंद्राने यावर काम केलं आहे. हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते, म्हणजे कच्च्या मालाला तोटा नाही. अडतं ते वाहतुकीत. पऱ्हाटी वजनाला हलकी आणि जागा खाणारी, ट्रॉली भरते पण वजन भरत नाही. शेतातच बारीक करायची तर ट्रॅक्टर आणि श्रेडर लागतो, आणि तो डिझेलवर चालतो. डिझेलचे पैसे कोण देणार, यावरच मग पऱ्हाटी कारखान्यात जाणार की चुलीत, हे ठरतं.