मुले मोठी होतात, तसा घरातला रमजानही

असरची नमाज झाली की जळगावच्या मेहरूण, तांबापुरा भागात आणि धुळ्याच्या मौलवीगंज, आझादनगरात मुले ताटे घेऊन घराबाहेर पडतात. ताटात खजूर, रावेर-यावलच्या केळ्यांच्या चकत्या, टरबुजाच्या फोडी, कांदाभजी, उकडलेले चणे. वर ख्वानपोश, म्हणजे ताट झाकायचा विणलेला किंवा जरीकाठाचा रुमाल. एक ताट मशिदीत जाते. तिथे वाटसरू, मजूर, घरापासून लांब असलेले रोजेदार रोजा सोडायला बसतात. दुसरे शेजारी जाते. तिसरे बहुधा अशा घरी, जिथे यंदा कोणी आजारी आहे किंवा कोणी गेले आहे.

हे काम सहा ते अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे. मोठ्यांना वेळ नसतो म्हणून नव्हे. लहान मूल ‘अम्मीने भेजा है’ म्हणत थेट स्वयंपाकघरापर्यंत शिरते, तिथल्या पातेल्यात डोकावते, रिकाम्या ताटात दोन लिंबे किंवा मूठभर साखर घेऊन परत येते. चौदा वर्षांच्या मुलाला तसे शिरता येत नाही. त्याला पडद्याबाहेर थांबून आवाज द्यावा लागतो. त्याच वयाच्या मुलीला ऐन मगरिबच्या तोंडावर गल्लीत पाठवायला घरचे नाखूश असतात. म्हणजे घरातले धाकटे मूल आठवीत गेले की ताट नेणारे कोणी उरत नाही.

बाहेरच्याला ही किरकोळ गोष्ट वाटेल. पण ताटाबरोबर मूल बातमीही आणत असते. कोणाकडे आज तळण नव्हते, कोणाचा यंत्रमाग आठ दिवसांपासून बंद आहे, कोणाची दादी अंथरुणावर आहे. जकात कोणाला द्यायची, फितरा कोणाच्या घरी पोहोचवायचा, हे ठरवताना घरातल्या बाईला हीच माहिती उपयोगी पडते. मागणारे दारात येतातच. न मागणाऱ्यांचे कळायला कोणीतरी आत जाऊन आलेले असावे लागते.

धुळ्यात ऐंशी फुटी रस्त्याजवळच्या एका घरात हे काम निवृत्त अब्बांकडे आले. तिन्ही मुले शिक्षण-नोकरीसाठी बाहेर. आयुष्यभर आयते ताट पुढ्यात आलेल्या माणसाने पहिल्यांदाच झाकलेले ताट हातात घेतले, शेजारी नेऊन दिले आणि परत आले. बायकोने विचारले, ‘क्या हाल है उनका?’ ते म्हणाले, ‘सब ठीक है.’ खरे तर त्यांनी फक्त दार पाहिले होते. त्या घरातला कर्ता पुरुष महिनाभर कामाविना बसून होता, हे ईद झाल्यावर कळले. पुढच्या वर्षी समोरच्या घरातली दुसरीतली मुलगी त्यांच्या सोबतीला आली. ताट अब्बा धरतात, आत ती जाते. इफ्तारची दोन भजी तिच्या ठरलेल्या हक्काची.

फितऱ्याचा उल्लेख आला आहे तर तेही सांगायला हवे. ईदच्या नमाजीपूर्वी माणशी साधारण पावणेदोन-दोन किलो गव्हाच्या किमतीइतकी रक्कम गरिबांना द्यायची असते. ऐपत असलेल्या बापाने आपल्यासोबत लहान मुलांचाही फितरा द्यायचा, अगदी चाँदरातीला जन्मलेल्या बाळाचासुद्धा. मुलगा सज्ञान झाला की ती जबाबदारी त्याची. प्रत्यक्षात बहुतेक घरांत बापच सगळ्यांचे मोजून देतो आणि कोणी हिशेब करत नाही. पण एखाद्या वर्षी पुण्यात नोकरीला लागलेला मुलगा फोनवर म्हणतो, ‘अब्बू, इस बार मेरा मैं दे दूँगा.’ बाप ‘ठीक है’ म्हणून फोन ठेवतो आणि कागदावरच्या सहा माणसांचे पाच करतो. मुलाच्या पहिल्या पगाराचे पेढे वाटताना जे जाणवले नव्हते, ते त्या आकड्याने जाणवते.

रोजाची सुरुवात मात्र खेळातून होते. पाच वर्षांचे मूल हट्टाने सहेरीला उठते आणि दुपारी बाराला जेवायला मागते. मग दादी सांगते, हा एका दाढेचा रोजा. एका बाजूच्या दाढेने खायचे, दुसरी बाजू रोजात! असे दिवसाला दोन-तीन रोजे होतात. सात-आठ वर्षांचे झाले की पहिला पूर्ण रोजा, रोजाकुशाई. नवे कपडे, गळ्यात हार, नातेवाइकांची इफ्तारला गर्दी, हातात नोटा. वर्तमानपत्रांतही चिमुकल्यांच्या पहिल्या रोजाचे फोटो छापून येतात, घरोघरी ती कात्रणे जपली जातात. त्यात वावगे काही नाही. मात्र ज्या वयात फोटो छापून येतो त्या वयात रोजा फर्ज नसतो. तो फर्ज होतो वयात आल्यावर, आणि त्या वयाच्या मुलाकडे कोणी वळून पाहत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा भर उन्हात सायकलवरून क्लासला जाऊन येतो, पाण्याच्या माठाजवळून जातो, आणि घरी आल्यावर ‘तोंड का पाडलंय?’ एवढेच ऐकतो.

ऊन हा खानदेशातला वेगळा विषय आहे. हिजरी वर्ष चांद्र असते आणि त्यात अधिक महिना नसतो, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. तेहतीस वर्षांत तो सगळे ऋतू फिरून येतो. याचा अर्थ एकाच घरातल्या भावंडांचे बालपणीचे रमजान वेगवेगळे असतात. मेहरूणमधल्या एका घरात थोरलीने पहिला रोजा ठेवला तो जून २०१६ मध्ये. पावसाचा पत्ता नाही, रोजा जवळजवळ पंधरा तासांचा. तिला आठवतो तो ओला टॉवेल, कूलरसमोरची फरशी आणि दुपारी चार ते सात हा न संपणारा वेळ. धाकट्याचा पहिला रोजा मार्च २०२५ मध्ये झाला. तेरा-साडेतेरा तास, सकाळी गारवा. थोरली त्याला चिडवते, ‘तेरा तो ठंडी का रोजा.’ तो चिडतो. त्याचेही बरोबर आहे. सात वर्षांच्या पोटाला मार्च काय आणि जून काय!

आता रमजान हिवाळ्याकडे चालला आहे. २०३० साली तो जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस, असा एकाच इंग्रजी वर्षात दोनदा सुरू होईल. तेव्हाचा रोजा बारा-सव्वाबारा तासांचा असेल. सोपे झाले म्हणावे तर दुसरी अडचण उभी राहते. २०२५ मध्ये दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारी ते १७ मार्च अशी होती आणि रमजान २ मार्चला सुरू झाला. थोरल्या भावंडांचे रोजे उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले, धाकट्यांचे बोर्डाच्या पेपरात. सहेरीनंतर झोपायचे की वाचायचे, तरावीहच्या वीस रकाती मशिदीत जाऊन पढायच्या की घरीच उरकायच्या, यावर घराघरांत वाद झाले. बहुतेक आयांनी पेपरच्या दिवशी सहेरीत पराठ्याऐवजी खिचडी-दही ठेवले. पराठ्याने झोप येते, हा त्यांचा अनुभव.

शेवयांचेही ऋतूशी नाते होते. रमजान उन्हाळ्यात असताना मोहल्ल्यातल्या बाया एकत्र बसून शेवया करत. खाटेच्या माचव्याला यंत्र आवळायचे, एकीने मूठ फिरवायची, दुसरीने शेवया हातावर झेलायच्या आणि लहान मुलांनी त्या गच्चीवर दोरीवर वाळत घालायच्या. आज यंत्र माळ्यावर आहे, फिरवणाऱ्या मुली सासरी आणि शेवया दुकानातून. कपड्यांचेही तसेच. पूर्वी एकाच ताग्यातून चारही भावांचे शर्ट शिवले जात. पंधराव्या रोजानंतर शिंपी माप घेत नसे, म्हणून घाई. थोरल्याने कॉलेजात गेल्यावर ‘बँडवाल्यासारखे दिसतो’ म्हणून नकार दिला आणि ती पद्धत संपली. याचे फार दुःख करण्यासारखे नाही. त्या शर्टांमध्ये खरोखरच बँडवाले दिसायचे.

कामाच्या वाटणीत मात्र बदल व्हायलाच हवा होता. रमजानमध्ये घरातली बाई पहाटे साडेतीन-चारला उठते आणि रात्री बाराला झोपते. मुली मोठ्या झाल्या की तिच्या हाताखाली येतात, मुलगे मोठे झाले की इफ्तारनंतर मित्रांबरोबर दुचाकी घेऊन चौकात जातात, ही रीत कोणत्याही ग्रंथात सांगितलेली नाही. ती मोडायला सुरुवात झाली ती वसतिगृहामुळे. पुण्यात, औरंगाबादेत शिकायला गेलेल्या मुलांना सहेरी स्वतः करावी लागते. अंडी, चहा, कुकरचा भात जमायला लागतो. सुट्टीत आलेला असा मुलगा पहाटे आईच्या आधी उठून गॅस पेटवतो. आई आधी लाजते, मग मीठ जास्त झाले म्हणून कुरकुरते, आणि तिसऱ्या दिवशी पंधरा मिनिटे जास्त झोपते.

२०२० च्या रमजानने तर घरातली बसण्याची जागाच बदलली. टाळेबंदीत मशिदी बंद होत्या. तरावीह घरात, २५ मेची ईदही घरात. ज्या घरात एखादा हाफिज मुलगा होता तिथे तो इमाम झाला. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा पुढे, त्याच्या मागे बाप, त्यांच्या मागच्या रांगेत आई आणि बहिणी. एरवी या बायका घरातल्या कोपऱ्यात एकेकट्या नमाज पढत. संपूर्ण कुरआन तरावीहमध्ये ऐकण्याची संधी अनेकींना पहिल्यांदा मिळाली, तीही स्वतःच्या मुलाच्या आवाजात. मशिदी उघडल्यावर मुलगा आणि बाप परत मशिदीत गेले. बायकांची ती रांग काही घरांत टिकली, बहुतेक घरांत नाही.

मुलगी सासरी गेल्यावरची गोष्ट निराळी. साखरपुडा झालेल्या मुलीला होणाऱ्या सासरहून ईदी येते: जोडा, बांगड्या, मेंदी, शेवया, सुका मेवा. लग्नानंतर माहेरची माणसे ईदी घेऊन तिच्याकडे जातात. जळगावची मुलगी धुळ्यात दिली असेल तर एरंडोल, पारोळ्यावरून एसटीने नव्वद-पंचाण्णव किलोमीटर. रोजात निघालेला बाप मांडीवर पिशवी सांभाळत बसतो आणि इफ्तारला मुलीच्या घरी पोहोचण्याचा हिशेब करतो. हिशेब चुकला तर पारोळ्याच्या स्थानकावर खजूर आणि पाण्याची बाटली. ईदच्या दिवशी मुलगी सासरचा शीरखुर्मा पाहते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे बासी ईदला, नवऱ्या-मुलांसह माहेरी येते.

खानदेशात लेकींनी माहेरी येण्याचा मोठा सण आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा. झोके, गाणी, आमरस, खापरावरची पुरणपोळी. ३ मे २०२२ रोजी ईद आणि आखाजी एकाच दिवशी आली. एसटीचा प्रदीर्घ संप नुकताच मिटला होता, गाड्या पुन्हा धावू लागल्या होत्या. पुढच्या वर्षी, २२ एप्रिल २०२३ रोजी, दोन्ही सण पुन्हा एकाच दिवशी आले आणि त्या वर्षी १७ मार्चपासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले होते. गल्लीत एकीकडे पाटलांची लेक उतरली, दुसरीकडे शेखांची. एकाच शाळेत शिकलेल्या, एकमेकींच्या लग्नात राबलेल्या मैत्रिणी, ज्यांची माहेरपणाची गाठ वर्षानुवर्षे पडत नव्हती. शीरखुर्म्याचा डबा तिकडे गेला, आमरसाचे पातेले इकडे आले. दोघींची मुले झोक्यावर.

हा योग फार काळ टिकणारा नव्हता. २०२३ मध्ये श्रावण अधिक आला, त्यामुळे २०२४ ची आखाजी १० मेला गेली आणि ईद ११ एप्रिललाच झाली. मराठी पंचांग अधिक महिना घालून ऋतूशी जुळवून घेते, हिजरी पंचांग घेत नाही. एकदा ताटातूट झाली की ईद दरवर्षी आणखी मागे. पुन्हा हे दोन दिवस जुळायला तीसेक वर्षे लागतील. तोपर्यंत झोक्यावरच्या त्या मुलांची लग्ने होऊन त्यांचीही लेकरे मोठी झालेली असतील.

दरम्यान ईदला घरी येणाऱ्यांची अडचण दरवर्षीचीच. रमजान एकोणतीस दिवसांचा की तीस, हे चाँद दिसल्यावरच ठरते. पुण्या-मुंबईतली मुले ट्रॅव्हल्सची दोन-दोन तिकिटे काढून ठेवतात, रजेच्या अर्जात दोन तारखा लिहितात आणि साहेबांना दरवर्षी नव्याने समजावून सांगतात. २०२५ मध्ये एकोणतिसावा रोजा ३० मार्चला, नेमका गुढीपाडव्याच्या रविवारी आला, त्यामुळे निदान सुट्टीचे जमले. त्या संध्याकाळी गच्चीवर चाँद शोधायला पूर्वी भावंडांची रेटारेटी व्हायची. आता वर आई-बाप असतात, आणि त्यांच्या चष्म्यांना चाँद दिसण्याआधीच मुलांचा संदेश मोबाइलवर येतो की चाँद झाला, गाडीत बसलो आहोत, दुसरे तिकीट रद्द केले, पण पैसे निम्मेच परत मिळतील.