व्याजाचा दर कोण ठरवितो?

अंकगणिताच्या पुस्तकात व्याजाची उदाहरणे असतात. मुद्दल इतके, मुदत इतकी, दर द. सा. द. शे. ५, तर व्याज किती? विद्यार्थी रीत मांडून उत्तर काढतात व पुढच्या उदाहरणाकडे वळतात. परंतु तो दर ५ च का, ९ का नव्हे, हे पुस्तक सांगत नाही. आमच्या कोंकणीत व्याजाला ‘कळंतर’ म्हणतात. जुन्या मराठीतही ‘कलांतर’ हा शब्द आहे. पूर्वी हे कळंतर गावचा सावकार आपल्या मर्जीने ठरवीत असे. आज बँकांच्या दरामागे देशाच्या मध्यवर्ती बँकेचा हात असतो.

मध्यवर्ती बँक म्हणजे बँकांची बँक. इंग्लंडची १६९४ साली निघाली, अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह १९१३ च्या कायद्याने, आणि आपली रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ रोजी. तिचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, हे मराठी वाचकांस निराळे सांगावयास नको. बँकांना थोड्या मुदतीसाठी पैसा हवा असला म्हणजे त्या सरकारी रोखे तारण ठेवून रिझर्व्ह बँकेकडून तो उचलतात. या पैशावरील व्याजाचा दर तो ‘रेपो दर’. हा चढला की बँकांची कर्जे महागतात, लोक खरेदी व कारखानदार विस्तार पुढे ढकलतात, मागणी मंदावते आणि भाव वाढण्याचा वेग कमी होतो. दर उतरविला की याच्या उलट. सारे यंत्र एवढेच आहे. मात्र त्याचा परिणाम दिसावयास कित्येक महिने लागतात, आणि सारी अडचण तेथेच आहे.

२०२० साली कोरोनाच्या साथीने व्यवहार थंडावले, तेव्हा बहुतेक मध्यवर्ती बँकांनी दर तळाला नेले. अमेरिकेत तो जवळजवळ शून्य होता. पुढे व्यवहार सुरू झाले, लोकांच्या हाती पैसा होता, पण माल पुरेसा नव्हता. त्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले व तेल, वायू, गहू सारेच कडाडले. जून २०२२ मध्ये अमेरिकेतील महागाईचा वार्षिक दर ९.१ टक्के झाला. ब्रिटनमध्ये तो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ११.१ टक्क्यांवर गेला. ही महागाई चार दिवसांची आहे असे २०२१ मध्ये फेडरल रिझर्व्हचे मत होते. ते चुकले, आणि मग तिला धावाधाव करावी लागली. मार्च २०२२ ते जुलै २०२३ या अवघ्या सोळा महिन्यांत तिने आपला दर शून्याजवळून ५.२५ ते ५.५० टक्क्यांपर्यंत चढविला.

रिझर्व्ह बँकेनेही मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्के केला. अडीच टक्के ऐकावयास थोडे वाटतात. म्हणून हिशेब करून पाहू. घरासाठी २० लाखांचे कर्ज २० वर्षांच्या मुदतीने ७ टक्क्यांनी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १५,५०० रुपये येतो. तोच दर ९.५ टक्के झाला की हप्ता सुमारे १८,६४० रुपये होतो. दरमहा तीन हजारांहून अधिक रुपये त्या घरातून जातात, आणि भाव चढविण्यात त्या घराचा काही हात होता असे नाही. व्याजाच्या दराने गहू पिकत नाही की तेल निघत नाही. तो केवळ मागणी दाबतो, हे ध्यानात ठेवावे. उलट, ठेवीच्या व्याजावर गुजराण करणाऱ्या वृद्धांना याच काळात थोडा हात मिळाला.

गोव्यातील पुष्कळ घरांतील माणसे आखातात नोकरीस आहेत. संयुक्त अरब अमिरातींचा दिरहॅम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या भावाने डॉलरशी बांधलेला आहे. म्हणून तेथील मध्यवर्ती बँक दराच्या बाबतीत वॉशिंग्टनच्या पावलावर पाऊल टाकते. दर चढल्यामुळे जगाचा पैसा डॉलरकडे ओढला गेला आणि २०२२ च्या आरंभी ७५ रुपयांच्या आत असलेला डॉलर ऑक्टोबरात ८३ च्या पुढे गेला. दुबईहून येणाऱ्या तेवढ्याच दिरहॅमांचे घरी अधिक रुपये झाले. परंतु आयात होणारे तेलही त्याच कारणाने देशाला महाग पडले.

दर वाढवावयाचे नाकारले तर काय होते? तुर्कस्तानने ते करून पाहिले. व्याज चढविल्यानेच महागाई वाढते, असे तेथील अध्यक्ष एर्दोआन यांचे मत. सप्टेंबर २०२१ मध्ये १९ टक्के असलेला दर फेब्रुवारी २०२३ पर्यंत ८.५ टक्क्यांवर आणला गेला. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, सरकारी आकड्यांप्रमाणेच महागाई ८५ टक्क्यांच्या वर गेली होती. १०० लिरांचा जिन्नस वर्षात १८५ लिरांना! अखेर धोरण बदलले आणि मार्च २०२४ मध्ये दर ५० टक्क्यांवर नेणे भाग पडले.

जपानची गोष्ट आणखी वेगळी. तेथे वर्षानुवर्षे भाव वाढतच नसत, म्हणून २०१६ पासून दर शून्याच्याही खाली, उणे ०.१ टक्का होता. तो मार्च २०२४ मध्ये शून्याच्या वर आला व ३१ जुलै रोजी ०.२५ टक्के झाला. स्वस्तात येन कर्जाऊ घेऊन ते इतर देशांत गुंतविणाऱ्यांची यामुळे धांदल उडाली. त्यातच अमेरिकेतील रोजगाराचे आकडे निराशाजनक आले. ५ ऑगस्ट २०२४ रोजी टोकियोचा निक्केई निर्देशांक १२.४ टक्के कोसळला, आणि त्याच दिवशी मुंबईचा सेन्सेक्स २,२०० हून अधिक अंशांनी खाली आला.