गळती कानाला आधी कळते

जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातली यंत्रे थांबली की छताजवळच्या नळीतून बारीक 'फुस्स' ऐकू येते. ही दाबाखालच्या हवेची गळती. ७ बार दाबाच्या लाइनला जेमतेम ३ मिलिमीटरचे भोक असले, तरी ती हवा पुरवत राहण्यासाठी कॉम्प्रेसरला सुमारे ३ किलोवॉट वीज ओढावी लागते. म्हणजे दिवसरात्र मिळून ७०-७२ युनिट! मुळात हवा दाबताना बहुतेक वीज उष्णतेत जाते, त्यामुळे ही हवा कारखान्यातली फार महागडी चीज.

व्यवस्थापनाला दिसते ते फक्त वीजबिल. कोणत्या मशीनची कपलिंग सैल आहे, हे त्या मशीनवर उभ्या असलेल्या कामगाराला ठाऊक असते. पण बचतीचा शब्द निघाला की त्याच्या मनात येते, 'आता माणसे कमी करणार'. ही भीती अनाठायी नाही. म्हणूनच युनियन बरोबर हवी.

ब्रिटनमधल्या टीयूसी या कामगार महासंघाने २००६ च्या सुमारास कामगार आणि व्यवस्थापनाचे असे संयुक्त बचत प्रकल्प सुरू केले. ब्रिटिश म्युझियमही त्यात होते. ब्रिटनमध्ये युनियनच्या सुरक्षा प्रतिनिधींना १९७० च्या दशकापासून कायद्याने पगारी वेळ मिळतो. अशा प्रकल्पांतल्या पर्यावरण प्रतिनिधींना मात्र तसा हक्क नव्हता, सगळे मालकाच्या राजीखुशीवर. मला ही मोठीच उणीव वाटते.

आपल्याकडे भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन धोकादायक कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापनाचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली. गळती, वीज, सांडपाणी हे विषय अशाच समितीच्या टेबलावर यायला हवेत, आणि वाचलेल्या पैशातला वाटा कामगाराला कसा मिळेल, हेही तिथेच ठरावे.