दाबून सांगा, ही पेशी कोण होणार?

पौषात नांदेड-लातूरकडच्या शिवारात आगटी पेटली, की हुरडा भाजणाऱ्या आजोबांकडे नीट बघा. कणीस मोडण्याआधी ते एक दाणा नखानं दाबतात. पांढरं दूध उडालं तर कणीस अजून कोवळं. नख अलगद रुतलं आणि चीक लागला, तर हुरडा तयार! नख रुतलंच नाही तर ती झाली ज्वारी, आता खळ्यावरच जायची.

पेशींचंही असंच कळतं, बरं का!

तुमच्याआमच्या चरबीत काही मूळपेशी असतात. त्यांनाच स्टेम सेल म्हणतात. त्यांचं 'मोठेपणी कोण व्हायचं' हे अजून ठरलेलं नसतं. हाड होतील, कूर्चा होतील, नाहीतर चरबी. आत्ता कपाळ दाबा: हाड. नाकाचा शेंडा दाबा: कूर्चा. कानाची पाळी किती मऊ! तिच्यात असते चरबी.

पण मूळपेशी दाबायची कशी? एका मिलिमीटरात पन्नासेक ओळीनं मावतील एवढ्या त्या लहान. 2012 मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात एरिक डार्लिंग आणि सहकाऱ्यांनी त्या दाबल्या, ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपनं. त्यात केसाहून पातळ, लवचीक पट्टी असते आणि तिच्या टोकाला इवलीशी गोळी. गोळी पेशीवर टेकली की पट्टी किंचित वाकते. पट्टीवर पडलेला लेझरचा किरण तेवढाच सरकतो आणि पेशी किती कडक ते कळतं. एकेका पेशीपासून वाढवलेल्या गटांतल्या काही पेशी त्यांनी अशा दाबल्या, बाकीच्यांना हाड किंवा चरबी व्हायला लागणारं खाद्य दिलं. कडक गटांनी हाडासारखं कॅल्शियम जास्त साठवलं, मऊ गटांनी चरबीचे थेंब!

ज्वारी कुठेही पेरा, ज्वारीच उगवते. मूळपेशी मात्र आपलं अंथरूणसुद्धा चाचपते. 2006 मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अस्थिमज्जेतल्या मूळपेशी वेगवेगळ्या जेलवर ठेवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवर त्यांना चेतापेशींसारखे फाटे फुटले, स्नायूइतक्या घट्ट जेलवर त्या स्नायूच्या वाटेला लागल्या, त्याहून कडक जेलवर हाडाच्या. हे शोधणाऱ्या चौघांपैकी शमिक सेन पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले.

बोटं नसताना पेशी चाचपते कशी? तिच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे बारीक दोर असतात. त्यांनी ती खालची जमीन ओढून बघते. मऊ जमीन ओढली जाते, दोर सैलच राहतात. कडक जमीन हलत नाही. मग दोर ताणले जातात, बाजेचा सुंभ आवळावा तसे.