मांडीवरचे डाग आणि लॅपटॉपची एसएसडी

मांडीवर जाळीसारखे तपकिरी डाग घेऊन एक विद्यार्थी ओपीडीत आला. कारण निघाले मांडीवरचा लॅपटॉप. ४३ ते ४७ अंश सेल्सिअसची धग वारंवार लागली, तर कातडी भाजत नाही; पण असे डाग पडतात. धग थांबली की ते बहुधा हळूहळू फिके होतात.

नवी एसएसडी बसवल्यापासून लॅपटॉप जास्त तापतो, असे तो म्हणाला. मुख्य उष्णता प्रोसेसरची. एसएसडी त्यात भर घालते. चौथ्या पिढीची एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला ७,००० मेगाबाइटपर्यंत वाचते. पण वीज जास्त खाते आणि फार तापली की स्वतःच वेग घटवते. अभ्यासाला, ऑफिसच्या कामाला कमी वीज खाणारी तिसऱ्या पिढीची पुरते. आपल्या लॅपटॉपला कोणती चालते, ते आधी विचारा. आणि कोणतीही घ्या, लॅपटॉप टेबलावरच ठेवा.